अन्योक्ती आणि दूरचित्रवाणी

विज्ञानकथा म्हणजे मुलांची करमणूक, हा समज विद्वानांतही आढळतो. दूरचित्रवाणीचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

१९५५ साली अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची गोऱ्यांनी हत्या केली. त्या घटनेवरून रॉड सर्लिंग यांनी नाटक लिहिले. परंतु १९५६ साली ते प्रक्षेपित झाले तेव्हा प्रायोजकांच्या धास्तीपायी त्यातील वर्ण व प्रांत दोन्ही पुसले गेले होते. पुढे १९५९ साली सर्लिंग यांनी ‘द ट्वायलाइट झोन’ ही अद्‌भुत कथांची मालिका आरंभिली. तिच्यातील १९६० च्या एका कथेत एका शांत गल्लीतील वीज जाते, परग्रहवासी आल्याची वार्ता उठते आणि शेजारी शेजाऱ्याचा वैरी होऊन एकाचा बळी जातो. परग्रहवासी खरेच आलेले असतात; पण त्यांना केवळ दिवे मालवावे लागतात, उरलेले काम माणसेच करतात!

आपल्या अलंकारशास्त्रातील अन्योक्तीचेच हे रूप होय. मात्र अन्योक्ती ऐकणारा ती परक्याची गोष्ट मानून निश्चिंतही राहू शकतो. म्हणून अशी कथा शिकविताना तिच्यामागे दडलेले नाव उच्चारणे, हे आम्ही शिक्षकाचे कर्तव्य समजतो.