पक्षिछायाचित्रण
पक्षिछायाचित्रण : मुक्त अवस्थेतील पक्ष्यांची त्यांच्या नैसर्गिक परिसरात छायाचित्रे घेण्याचे तंत्र. इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंनी १८९५ मध्ये वन्य जीवनाच्या प्रत्यक्ष छायाचित्रांनीच सजविलेला पक्ष्यांच्या घरट्यांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. परदेशी जाऊन हा छंद जोपासणाऱ्यांत मलायाचे चित्रपट-व्यावसायिक लोके वान थो यांचे नाव महत्त्वाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात ते भारतात आले व सलीम अलींच्या सहवासात त्यांनी येथील पक्षी टिपले.

परक्या प्रदेशात छायाचित्रकाराची खरी अडचण भिंगाची नसून ओळखीची असते. सवयीने परिचित झालेले पक्षी तेथे नसतात आणि सदृश जातींतील भेद ठाऊक नसतात. वऱ्हाडातील रानपिंगळ्याचा (ॲथीनी ब्लेविटाय) इतिहास या दृष्टीने उद्‍बोधक आहे. १८७२ ते १८८४ या काळात मिळालेल्या सात नमुन्यांवरूनच ही जाती माहीत होती. १९१४ सालचा म्हणून रिचर्ड माइनर्टझहागेन यांनी दाखविलेला नमुना मूळचा दुसऱ्याच्या संग्रहातील, चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला. रानपिंगळ्याची म्हणून छापलेली छायाचित्रेही साध्या पिंगळ्याची ठरली. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट या अमेरिकन अभ्यासकांना शहाद्याजवळ (नंदुरबार) हा पक्षी ११३ वर्षांनी दिसला. त्यांनी तेथेच घेतलेल्या चित्रणामुळे शंकेस जागा उरली नाही. त्यानंतरच्या पाहण्यांत तो मेळघाटातही (अमरावती जिल्हा) आढळला.

साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात; रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, पोट पांढरे, पंख व शेपटी यांवर रुंद पट्टे आणि पाय पांढऱ्या पिसांनी झाकलेले असतात. म्हणून केवळ चेहऱ्याचे देखणे चित्र पुरेसे नसते. छाती, पोट व शेपटी दिसतील अशी दोनतीन चित्रे हवीत, मग ती थोडी अस्पष्ट असली तरी चालतील. स्थळ व दिनांक यांची नोंद नसलेल्या चित्राचे शास्त्रीय मूल्य फारच थोडे.

रानपिंगळा दिवसा वावरतो, त्यामुळे प्रखर कृत्रिम प्रकाशाची गरज नसते. ४०० ते ६०० मिमी. केंद्रांतराचे भिंग आणि स्थिर आधार पुरतो. सागाची पानगळ झाल्यावर मेळघाटात व अकोला जिल्ह्यातील नरनाळा अभयारण्यात फांद्यांवरचे पक्षी अधिक स्पष्ट दिसतात. ध्वनिमुद्रित साद ऐकवून पक्षी जवळ आणण्याची प्रथा मात्र निंद्य होय : आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असे समजून पक्षी भक्ष्य शोधणे सोडून धावून येतो. ढोलीतील घरट्यासमोर गर्दी केल्यास पिल्लांना भरविणे खंडित होते. अंकीय कॅमेऱ्यात चित्राबरोबर स्थाननिर्देश साठविला जात असल्यास घरट्याचे चित्र प्रसृत करण्यापूर्वी तो काढून टाकणे इष्ट. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने २०१८ मध्ये या जातीला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले, तरी तिचे क्षेत्र मध्य भारतातील पानझडी वनांच्या तुकड्यांपुरतेच आहे.