स्पायवेअर विंडोजच्याच मागे का लागते?

"आमच्याकडे मॅक आहे, आम्हाला व्हायरसची भीती नाही!" असे कोणाला तरी म्हणताना तुम्ही ऐकले असेल. हे कितपत खरे आहे?

स्पायवेअर म्हणजे तुमच्या नकळत कॉम्प्युटरमध्ये शिरून पासवर्ड, बँकेची माहिती, फोटो बाहेर पाठवणारा प्रोग्राम. तो बनवायला वेळ आणि पैसा लागतो. पाकीटमार रिकाम्या डब्यात चढत नाही, तो गर्दीच गाठतो. जगातले बहुतेक घरगुती आणि ऑफिसातले कॉम्प्युटर विंडोजवर चालतात, म्हणून सर्वाधिक हल्लेही तिथेच होतात.

दुसरे कारण जुन्या सवयीचे. विंडोज एक्सपीच्या काळात घरोघरी लोक 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणूनच काम करत. त्यामुळे चुकून उघडलेल्या प्रोग्रामलाही घराच्या सगळ्या किल्ल्या मिळत. व्हिस्टापासून विंडोज आधी परवानगी विचारू लागले. लिनक्समध्ये मात्र सामान्य वापरकर्ता आणि मुख्य मालक सुरुवातीपासूनच वेगळे असतात.

मग बाकीचे निर्धास्त राहू शकतात का? नाही. २०१२ मध्ये 'फ्लॅशबॅक' नावाचा घातक प्रोग्राम सुमारे ६ लाख मॅकमध्ये शिरला. जावामधल्या ज्या त्रुटीतून तो आत आला, तिची दुरुस्ती विंडोजसाठी आधीच आली होती; मॅकवर ती उशिरा पोहोचली.

आणि लक्ष्य एकच माणूस असेल, तर गर्दीचा हिशोबच उरत नाही. २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील एका मानवाधिकार कार्यकर्त्याच्या आयफोनवर लिंक असलेले मेसेज आले. त्यांना शंका आली. लिंक न उघडता त्यांनी ते टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबकडे पाठवले आणि 'पेगासस' उघडकीस आले. ॲपलला तातडीने अपडेट काढावे लागले.

आज गर्दी मोबाइलवर आहे. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरबाहेरूनही ॲप टाकता येते. म्हणूनच व्हॉट्सॲपवर 'लग्नाची पत्रिका' म्हणून एपीके फाइल येते. पत्रिका उघडायला ॲप कशाला हवे?

एवढे नक्की करा:

• अपडेट पुढे ढकलू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे.
• मेसेजमधून आलेली एपीके फाइल उघडू नका, पाठवणारा ओळखीचा असला तरी. त्याचाच फोन हॅक झालेला असू शकतो.
• टॉर्चच्या ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तर ते ॲप काढून टाका.

आणि हे आजी-आजोबांनाही समजावून सांगा. सिस्टिम कोणतीही असो, दार शेवटी आपल्याच हाताने उघडले जाते.