मलेरियाची लस आणि चौदा दिवसांच्या गोळ्या

दिवाळीनंतरची गोष्ट. तालुक्यातल्या एका खेड्यातले शेतकरी आपल्या बारावीतल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. मुलगा घोंगडीत गुरफटलेला, दात वाजत होते. पोळ्याच्या सुमारास त्याला मलेरिया झाला होता आणि गोळ्या मीच दिल्या होत्या. पुन्हा रक्त तपासले, तर पुन्हा तोच व्हायवॅक्स जातीचा मलेरिया. वडील वैतागून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, देवीची लस निघाली, पोलिओची निघाली, करोनाची तर वर्षभरात निघाली. मग या मलेरियाचीच का निघत नाही?"

प्रश्न रास्त आहे. डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सापडला तो सिकंदराबादेत, म्हणजे आपला जिल्हा तेव्हा ज्या निजामाच्या राज्यात होता तिथेच. त्याला सव्वाशे वर्षे उलटली. मग घोडे अडले कुठे?

देवी किंवा गोवर एकदा येऊन गेला की शरीर तो रोग जन्मभर लक्षात ठेवते. लस म्हणजे रोग न होऊ देता शरीराला करून दिलेली तीच ओळख. मलेरियाचे तसे नाही. त्याचा जंतू हा विषाणू नव्हे, तो एकपेशीय परोपजीवी आहे. डास चावल्यावर तो आधी यकृतात शिरतो, तिथे वाढतो आणि मग रक्तात उतरून तांबड्या पेशींत घुसतो. प्रत्येक मुक्कामी त्याचे सोंग निराळे. अशा बहुरूप्याला शरीराने ओळखायचे तरी कसे?

तरीही प्रतिकारशक्ती येते, पण हळूहळू. आफ्रिकेत मलेरियाच्या प्रदेशात वारंवार ताप सोसून मोठी झालेली माणसे सहसा त्याने गंभीर आजारी पडत नाहीत. १९६१ साली गांबिया देशात अशा प्रौढांच्या रक्तातील प्रतिपिंडे वेगळी काढून आजारी मुलांना टोचण्यात आली. मुलांच्या रक्तातले जंतू झपाट्याने घटले. म्हणजे लस अशक्य नाही, हे त्या दिवशी कळले. पण प्रतिपिंडांनी जंतूला नेमके कुठे पकडायचे, हे कोडे उरले.

या कोड्यावर आयुष्य घालवणाऱ्या शास्त्रज्ञांत डॉ. चेतन चिटणीस यांचे नाव आपण माहीत करून घ्यायला हवे. हे डॉक्टर आमच्यासारखे नाडी पाहणारे नव्हेत. मुंबईच्या आयआयटीतून ते भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले, पुढे अमेरिकेत बर्कले येथे त्यांनी पीएच.डी. केली आणि नंतर तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लुईस मिलर यांच्याबरोबर ते मलेरियाकडे वळले.

मिलर यांनी १९७६ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या बहुतेक लोकांना व्हायवॅक्स मलेरिया होत नाही, कारण त्यांच्या तांबड्या पेशींवर 'डफी' नावाचा एक घटक नसतो. (अलीकडे याला काही अपवाद आढळले आहेत.) आपल्याकडे मात्र तो जवळजवळ सर्वांच्या रक्तात असतो. व्हायवॅक्सच्या दृष्टीने डफी म्हणजे पेशीच्या दाराची कडी. ती धरायला जंतूजवळ एक प्रथिन असते. त्या प्रथिनाचे वेगवेगळे भाग पेशींवर आणून कोणत्या भागाला तांबड्या पेशी चिकटतात, हे चिटणीस आणि मिलर यांनी तपासले आणि १९९४ साली तो नेमका भाग जाहीर केला. जंतूचा 'हात' सापडला. हा हात प्रतिपिंडांनी धरून ठेवला, तर जंतू पेशीबाहेरच राहील.

१९९५ मध्ये चिटणीस भारतात परतले आणि दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जैवतंत्रज्ञान केंद्रात त्यांनी हे काम उभे केले. २००४ मध्ये त्यांना भटनागर पुरस्कार आणि २०१० मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार मिळाले म्हणून लस मिळत नाही. फॅल्सिपेरम या घातक जातीविरुद्ध त्यांच्या गटाने केलेल्या लसीची चाचणी निरोगी भारतीयांवर झाली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले : लस सुरक्षित, तिच्या दोन घटकांपैकी एकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, दुसऱ्याविरुद्ध फारशी नाहीत. एवढ्या वर्षांच्या कष्टांचे फळ असे अर्धे! २०१४ पासून ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करू लागले होते. काम थांबले नाही. डफीवर आधारित लस घेतलेल्या काही स्वयंसेवकांना इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे मुद्दाम, देखरेखीखाली व्हायवॅक्सची लागण करण्यात आली. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेवटचा डोस लांबवून दिलेल्यांत जंतूंच्या वाढीचा वेग सरासरी निम्म्यावर आला होता. ताप टळला नाही, पण वाट बरोबर आहे हे कळले.

आता तुम्ही म्हणाल, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये मलेरियाची लस तयार होते ना? होते. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी शोधलेल्या त्या लसीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केली. पण ती फॅल्सिपेरमविरुद्ध आहे आणि आफ्रिकेतल्या बालकांना दिली जाते. व्हायवॅक्सची लस अजून बाजारात नाही.

मग त्या मुलाचे काय? मी विचारले, "गोळ्या किती दिवस घेतल्या?" तो म्हणाला, "ताप उतरला तोवर. चार दिवस." तिथेच घोटाळा झाला होता. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा उठतात. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारते. यकृतातले झोपलेले जंतू मारायला प्रायमाक्विनच लागते, रोज एक वेळ, चौदा दिवस. थोडी चूक माझीही होती. गर्दीच्या वेळी मी गोळ्या मोजून दिल्या, पण कारण समजावून सांगितले नाही.

म्हणून वाचकहो, थंडी वाजून ताप आला की अंदाजाने गोळी न घेता आधी रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. व्हायवॅक्स निघाला तर ताप उतरला तरी चौदा दिवस पूर्ण करा. गोळी रिकाम्या पोटी नको. प्रायमाक्विन गरोदर स्त्रियांना आणि वर्षाच्या आतील बाळांना देत नाहीत. काहींच्या रक्तात जी-६-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मजात कमतरता असते. त्यांना या गोळीने अपाय होतो. लघवी काळसर झाली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जा.

त्या मुलाने या वेळी चौदाही दिवस गोळ्या घेतल्या. वडिलांनी कॅलेंडरवर रोज खूण केली आणि पंधराव्या दिवशी ते पान मला आणून दाखवले. लस येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या घरातली लस म्हणजे ते कॅलेंडरचे पान.