होडीला शटर नसतं! इंजिन, जाळी आणि होडी चोरीपासून वाचवायचे 6 उपाय



परंड्याला समुद्र नाही, मग बोटीच्या चोरीवर काय बोलायचं, असं काहींना वाटेल. पण आपल्याच तालुक्यात सीना-कोळेगाव धरण आहे. शेजारी उजनीचा भला मोठा जलाशय आहे. तिथं मासेमारी चालते, भिगवणकडे हिवाळ्यात फ्लेमिंगो दाखवायला होड्या निघतात. म्हणजे पाण्यावरचा धंदा आपल्याकडंही आहे. फरक एवढाच, की दुकानदार रात्री शटर ओढून घरी जातो आणि होडीवाल्याचं दुकान रात्रभर उघड्यावर असतं.

आधी हिशोब करू. समजा तुमचं इंजिन 60 हजारांचं आहे आणि रोजची कमाई 800 रुपये. इंजिन चोरीला गेलं आणि दुसरं उभं करायला 20 दिवस लागले, तर बुडालेली कमाई 16 हजार. म्हणजे फटका 76 हजारांचा, आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. नव्या धंद्याला एवढा धक्का सोसत नाही. म्हणून सुरक्षेचा खर्च हा भांडवलाचाच भाग धरा.

1. सुटं होतं ते घरी न्या. चोराला अख्खी होडी नेणं अवघड. इंजिन, बॅटरी, इंधनाची टाकी, जाळी मात्र एका माणसाला उचलता येतात आणि लगेच विकता येतात. छोटं इंजिन हातानं फिरवायच्या दोन स्क्रूंवर बसवलेलं असतं. रोज काढणं जमत नसेल तर त्या दोन्ही मुठींवर बसणारं लोखंडी कुलूप लावा.

2. इंजिनाचा नंबर लिहून ठेवा. नंबराची ताकद किती असते बघा. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यातल्या अतिरेक्यांनी ‘कुबेर’ ही भारतीय मासेमारी बोट समुद्रात बळकावली आणि शेवटी रबरी डिंगीतून ते किनाऱ्याला लागले. त्या डिंगीच्या यामाहा इंजिनाच्या नंबरावरून ते पाकिस्तानात आयात झाल्याचं तपासात पुढं आलं. आपलं इंजिन साधं असेल, पण ते आपलंच आहे हे सिद्ध करायला नंबरच लागतो. नंबराचा, बिलाचा आणि होडीचा फोटो काढून घरच्या दोघांच्या मोबाईलवर ठेवा. इंजिनाच्या आतल्या बाजूला आणि होडीच्या तळाशी स्वतःची खूणही कोरून घ्या.

3. दोर नको, साखळी. दोर कापायला विळा पुरतो. जाड साखळी होडीच्या पक्क्या कडीतून ओवा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरतं, होडी गावापासून लांब जाते आणि काठावर बांधायला झाडही नसतं. कडी बसवलेला काँक्रीटचा ठोकळा जमिनीत गाडा. पाणी सरकेल तशी जागा बदला. कुलपाला तेल देत राहा, गंजलं की आपल्यालाच उघडत नाही.

4. एकटे राहू नका. दहा होड्या दहा ठिकाणी ठेवण्यापेक्षा एका जागी लावा. वर्गणी काढून सोलर दिवा बसवा, पाळीपाळीनं जागल करा. मच्छीमार सोसायटी असेल तर हा विषय बैठकीत मांडा. जीपीएस ट्रॅकर घ्यायचा असेल तर आधी काठावर मोबाईलची रेंज तपासा. रेंज नसेल तर पैसे पाण्यात.

5. कागद पक्के करा. इंजिनावर चालणाऱ्या होड्यांसाठी 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे, नोंदणीची चौकशी करून घ्या. विमा घेताना दोन प्रश्न विचाराच: चोरी धरली आहे का? आणि होडीवर कुणी नसताना इंजिन गेलं तर पैसे मिळतात का? उत्तर लेखी घ्या. चोरी झालीच तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जा. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. विम्यासाठी तीच लागते.

6. स्वस्तातलं जुनं इंजिन जपून घ्या. बिल नाही, नंबर घासलेला, भाव निम्मा, असं दिसलं की हात जोडा. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असूनही तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिवाय असं गिऱ्हाईक आहे म्हणूनच चोराचा धंदा चालतो. आज तुम्ही घेतलं तर उद्या तुमचं कुणीतरी घेईल.

या सहातलं दुसरं काम अगदी फुकटातलं आहे. आज संध्याकाळी काठावर जाल तेव्हा नंबराचा फोटो काढा. साखळी आणि कुलूप या आठवड्याच्या बाजारात घ्या. होडी नसलेल्यांनीही हाच नियम पाण्याच्या मोटारीला, केबलला, जनरेटरला लावावा. धंदा कमावण्याइतकाच राखण्यावरही चालतो!