घाट चढवणारी टीम

पावसाळा लागला की कर्जत-खालापूर पट्ट्यातील रिसॉर्टांचे शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या कंपन्यांच्या ‘टीम बिल्डिंग’ शिबिरांनी भरून जातात आणि त्याच दिवसांत बोरघाटात दरड कोसळून गाड्या रखडल्याच्या बातम्याही येतात. या दोहोंचा संबंध सहसा कोणी लावत नाही. वस्तुतः माणसांचा गट एकदिलाने काम कसा करतो, हे रस्सीखेचीच्या मैदानापेक्षा कर्जत स्थानकात अधिक चांगले समजते.

शिबिरांत हमखास दाखवला जाणारा ओळख, खडाजंगी, घडी बसणे आणि कामगिरी या चार टप्प्यांचा तक्ता अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये मांडला. तो पन्नास लेखांच्या आढाव्यावर आधारलेला होता, त्यांतील बराच मोठा भाग मानसोपचारासाठी जमवलेल्या गटांविषयी होता आणि ही मर्यादा टकमन यांनी स्वतःच नोंदवली होती. तरीही तो क्रम निसर्गनियम असल्यासारखा सांगितला जातो.

कर्जतला पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना मागून ‘बँकर’, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिने, जोडतात, कारण पुढे लोणावळ्यापर्यंतच्या सुमारे २८ किलोमीटरांच्या टप्प्यात घाटाचा चढ ३७ मीटरांमागे एक मीटर इतका तीव्र आहे. पुढचा आणि मागचा लोको पायलट एकमेकांना दिसत नाहीत, आणि पुढच्याने ब्रेक लावल्यावर मागच्याने रेटा तसाच ठेवला तर मधले डबे रुळांवरून उतरू शकतात. त्यांना जोडतात ते शिट्टीचे संकेत, वॉकीटॉकीवरील मोजके बोलणे आणि प्रत्येकाचे ठरलेले काम. घाट उतरणाऱ्या गाड्यांसाठी तर ‘कॅच सायडिंग’ असते, म्हणजे ताबा सुटलेली गाडी वळवून थोपवण्यासाठी चढावर नेलेला रूळ. चूक होऊ शकते, हे या व्यवस्थेने आधीच गृहीत धरले आहे.

हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांच्या संशोधनाचा गाभा हाच आहे. १९९० च्या दशकात रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करताना, चांगल्या गटांत चुका कमी सापडतील असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात त्याच गटांत चुकांची नोंद जास्त निघाली. तेथे चुका लपवल्या जात नव्हत्या, असा त्याचा उलगडा त्यांनी केला. पुढे १९९९ मध्ये एका उत्पादक कंपनीतील ५१ गटांच्या अभ्यासातून त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना मांडली: शंका विचारली वा चूक कबूल केली तर अपमान होणार नाही, असा गटातील सर्वांचा विश्वास. साहेबांपुढे मान डोलावून चहाच्या टपरीवर कुरकुरण्याची रीत असलेल्या आपल्या कचेऱ्यांत नेमकी हीच गोष्ट दुर्मीळ आहे.

परिचयाला मोल नाही, असे मात्र नव्हे. अमेरिकेतील विमानवाहतुकीच्या सुरक्षाविषयक नोंदींतील ७३ टक्के घटना वैमानिक दलाच्या एकत्र उड्डाणाच्या पहिल्याच दिवशी घडल्या होत्या, याकडे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हॅकमन यांनी लक्ष वेधले. परंतु हा परिचय एकत्र काम करून होतो, एकत्र जेवून होतोच असे नाही.

म्हणून शिबिराचा मंडप घालण्याआधी व्यवस्थापनाने तीन प्रश्न विचारावेत: कोणाचे काम कोणते, अडल्यास कोणाला सांगायचे, आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार सर्वांत कनिष्ठालाही आहे काय? तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर शिबिराचा खर्च बोनसमध्ये घातलेला बरा.