फाइंडला कुठवर जाऊ द्यायचं?

लिनक्सवर फाइल शोधायला ‘फाइंड’ कमांड दिली आणि पडद्यावर ओळींचा पूर आला, की बरेच जण तो निकाल ‘ग्रेप’मधून गाळून घेतात. नको ते दिसेनासं होतं खरं, पण वेळ तेवढाच जातो. गाळणी लागेपर्यंत फाइंड सगळी फोल्डरं पालथी घालत असते. वेळ वाचवायचा तर तिला दारातच अडवावं लागतं.

सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये डिक हेट यांनी फाइंड लिहिली. सांगितलेल्या फोल्डरपासून निघायचं आणि तळ लागेपर्यंत उतरत राहायचं, ही तिची रीत अजून तशीच आहे. जावास्क्रिप्टच्या प्रकल्पात ‘नोड मॉड्यूल्स’सारखं फोल्डर असलं, तर हजारो परक्या फाइलींतून ती इमानेइतबारे फिरून येते.

तिला आवरायला ग्नू आणि बीएसडीच्या फाइंडमध्ये ‘-मॅक्सडेप्थ’ हा पर्याय आहे; पुढे दिलेल्या आकड्याच्या पातळीपर्यंतच ती उतरते. घोळ होतो तो पातळ्या मोजताना. 0 म्हणजे सुरुवातीचं फोल्डर स्वतः, 1 म्हणजे त्याच्या थेट आत असलेल्या वस्तू. ‘याच फोल्डरमधल्या फाइली’ हव्यात म्हणून 0 लिहिलं, तर हाती एक टिंब येतं. जोडीला किमान पातळी ठरवणारं ‘-मिनडेप्थ’ आहे. दोन्हींना 2 दिलं की नेमकी दुसरी पातळी मिळते. पण मिनडेप्थने फेरी वाचत नाही. वरच्या पातळीवरूनच खाली जायचं असतं. मॅक्सडेप्थ नावाची अट घालणाऱ्या ‘-नेम’च्या नंतर लिहिलं, तर ग्नू फाइंड इशारा देते आणि मर्यादा तरीही सगळ्या शोधाला लावते.

एकच ठरावीक फोल्डर टाळायचं असेल, तर ‘-प्रून’ बरं. मात्र ते सापडलेलं पुसून टाकणाऱ्या ‘-डिलीट’सोबत वापरू नये. रिकामं केल्याशिवाय फोल्डर पुसता येत नाही, म्हणून डिलीट फाइंडला आधी आतलं आणि मग बाहेरचं, असं उलट्या क्रमाने चालायला लावतं. फोल्डरपाशी पोहोचेपर्यंत आतलं सगळं पाहून झालेलं असतं, मग प्रून अडवणार कुणाला? जे वाचवायचं, तेच पुसलं जाऊ शकतं. ग्नूच्या नव्या आवृत्त्या ही जोडी दिसली की काम करायलाच नकार देतात, हे उत्तम केलं. मॅक्सडेप्थ मात्र डिलीटसोबतही चोख चालतं.

फोल्डरांचा वृक्ष दाखवणाऱ्या ‘ट्री’ला ‘-एल’, तर नव्या ‘एफडी’ला ‘-डी’ लिहून पुढे आकडा दिला की त्यांनाही अशीच खोलीची मर्यादा लागते. अपवाद ‘डीयू’चा. कोणत्या फोल्डरने किती जागा खाल्ली हे बघायला आपण ‘--मॅक्स-डेप्थ=1’ देतो आणि चार ओळींसाठी एवढा वेळ का, म्हणून वैतागतो. इथे मर्यादा फक्त छापण्यावर आहे. बेरीज करायची म्हणजे डीयूला तळाच्या शेवटच्या फाइलपर्यंत जावंच लागतं.