फळबागांतील कीड-नियंत्रण व परागण

फळबागांतील कीड-नियंत्रण व परागण : फळझाडांस उपद्रव देणाऱ्या कीटकांची संख्या आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली ठेवणे व त्याच वेळी परागण करणाऱ्या कीटकांचे रक्षण करणे, या दुहेरी हेतूने योजावयाचे उपाय. बागेतील सर्व कीटकांचा नाश करणे हे त्यांचे उद्दिष्ट नसते.

खर्डा (ता. जामखेड) व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याचा दक्षिण भाग अवर्षणप्रवण आहे. अशा प्रदेशात कमी पाण्यावर तग धरणाऱ्या डाळिंब, सीताफळ, बोर यांसारख्या फळझाडांना महत्त्व असते. १९९० मध्ये राज्यात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाल्यावर अशा लागवडीस चालना मिळाली.

डाळिंबाच्या झाडावर नर व द्विलिंगी अशी दोन प्रकारची फुले येतात. फळ केवळ द्विलिंगी फुलांपासून धरते. स्वपरागणाने काही फळे धरत असली, तरी सातेरी, फुलोरी इ. मधमाश्यांच्या वावरामुळे फळधारणा वाढते. सीताफळाचे परागण मात्र मुख्यत्वे लहान भुंगेरे करतात. म्हणून मधपेट्या ठेवल्याने सर्वच फळझाडांची गरज भागत नाही.

डाळिंबावरील सुरसा या फुलपाखराची मादी फुलांवर व कोवळ्या फळांवर एकेक अंडे घालते. अळी फळात शिरून दाणे खाते व फळ सडून गळते. किडीचा हा काळ आणि मधमाश्यांच्या वावराचा काळ एकच असतो. ऐन बहरात तीव्र कीटकनाशक फवारल्यास कीड कमी होते, पण फळधारणाही घटू शकते. शिवाय परजीवी गांधीलमाश्या व भक्षक कीटक नष्ट झाल्याने मावा, पिठ्या ढेकूण यांसारख्या किडी पुन्हा जोर धरतात.

यासाठी किडकी फळे वेचून नष्ट करणे, फळ धरल्यावर त्यास कागदी पिशवी बांधणे व ५ टक्के निंबोळी अर्क वापरणे हे उपाय प्रथम योजतात. फवारणी अपरिहार्य असल्यास मधमाश्यांचा वावर थांबल्यावर, सायंकाळी करतात. फळांतील रस शोषणारे पतंग रात्री बागेत येतात. त्यांच्या अळ्या मात्र गुळवेल, वासनवेल अशा वेलींवर वाढतात. त्यामुळे केवळ झाडांवर फवारून त्यांचा बंदोबस्त होत नाही.

नैसर्गिक शत्रूंच्या उपयोगाचे ठळक उदाहरण पपईवरील पिठ्या ढेकणाचे होय. २००८ मध्ये तमिळनाडूत आढळलेली ही परदेशी कीड पुढे महाराष्ट्रातही पसरली. २०१० मध्ये आयात केलेल्या, असेरोफॅगस पपायी या परजीवी कीटकाने ती आटोक्यात आणली.

मधमाश्या पोळ्यापासून बऱ्याच अंतरापर्यंत फिरत असल्याने एका शेतातील फवारणीचा परिणाम शेजारच्या बागेवरही होतो. म्हणून फवारणीची वेळ गावातील बागाइतदारांनी एकत्रितपणे ठरविणे हिताचे असते.